ओल्या हवेतली रोपं विदर्भातल्या घरात: उन्हाळ्यातून पार नेण्याची रीत

मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूरकडे दुपारी पारा ४५ अंशांवर जातो आणि हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली उतरते. कॅलेथिया, मरांटा, फिटोनिया, अलोकेशिया, फर्न ही रोपं मूळची ज्या जंगलांतली आहेत, तिथे मोठ्या झाडांखाली वर्षभर दमट सावली असते. असं रोप मार्च-एप्रिलमध्ये गावात आलं की आठ-पंधरा दिवसांत पानांच्या कडा तपकिरी होऊन कुरकुरीत होतात. घरचे म्हणतात पाणी कमी पडलं, आणि रोज लोटाभर पाणी सुरू होतं. महिनाभरात मुळं सडतात. वरून वाळलेलं आणि खालून सडलेलं असं रोप विदर्भात घरोघरी दिसतं, आणि दर वेळी दोष त्या रोपावर जातो.

या रोपांना ओल हवेत लागते. कुंडीतल्या जास्तीच्या पाण्यानं कोरड्या हवेची भरपाई होत नाही. २८ अंशांच्या आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेपेक्षा ४२ अंशांची, २० टक्के आर्द्रतेची हवा पानातून पाणी ओढायला चारपटींहून जास्त जोर लावते. कुंडीत कितीही पाणी असलं तरी मुळं आणि देठ त्या वेगानं ते वर पोचवू शकत नाहीत. आधी पानाच्या कडा वाळतात, कारण पाणी शेवटी तिथे पोचतं. म्हणून काम हवेवर करायचं, आणि सुदैवानं त्यासाठी लागणारं यंत्र, म्हणजे कूलर, विदर्भातल्या बहुतेक घरांत आधीच आहे.

आधी रोप निवडा

सगळी रोपं सारखी नाजूक नसतात. मनीप्लांट, सिंगोनियम, अग्लोनेमा, मॉन्स्टेरा आणि साधा हृदयाच्या आकाराच्या पानाचा फिलोडेंड्रॉन ४० टक्के आर्द्रतेतही तग धरतात. उन्हाळ्यात त्यांची वाढ थांबते, पण ती मरत नाहीत. पीस लिली आणि बॉस्टन फर्न यांना ५० टक्क्यांच्या वर हवा लागते. कॅलेथिया, मरांटा आणि पातळ पानांच्या अलोकेशियाला ६०. फिटोनिया आणि हंसराज यांना त्याहून जास्त, आणि ती झाकलेल्या काचेच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यातच लावावी. उघड्यावर त्यांचा उन्हाळा निघणं फार कठीण. पहिल्या वर्षी मनीप्लांट आणि सिंगोनियम सांभाळा. ते मेअखेर हिरवे राहिले तर तुमची जागा बरोबर आहे, मग पावसाळ्यात कॅलेथिया आणा.

खरेदी मृगाचा पाऊस पडल्यावर करा, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत. आपल्याकडच्या नर्सऱ्यांतला बराच माल आंध्रातल्या कडियमच्या बाजूनं ट्रकनं येतो. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या दमट हवेत वाढलेलं रोप एकदम एप्रिलच्या वऱ्हाडात उतरवणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच. नवीन रोप आलं की त्यावर मोठी पारदर्शक पिशवी घाला, पिशवीला चार-पाच भोकं पाडा आणि दर दोन दिवसांनी दोन-दोन भोकं वाढवा. दोन आठवड्यांनी पिशवी काढा. या काळात उन्हाची तिरीपही लागू देऊ नका. पिशवीच्या आत पानं शिजतात.

कूलरची खोली

बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना चांगल्या ताट्यांचा कूलर २६ ते २८ अंशांची हवा फेकतो, आणि त्या हवेची आर्द्रता ६० ते ७० टक्क्यांच्या आसपास असते. खोलीत पसरल्यावर ती ५०-६० टक्के राहते. दुकानातला छोटा ह्युमिडिफायर मे महिन्यात एवढं काम करूच शकत नाही. म्हणजे मार्चच्या मध्यापासून मृगापर्यंत या रोपांची जागा कूलरच्या खोलीत. सपरीत (पडवीत) नाही, खिडकीबाहेरच्या सज्ज्यावर नाही आणि गच्चीवर तर मुळीच नाही.

पण कूलरसमोर ठेवलेलं रोपही वाळतं, कारण थेट झोत पानाभोवतीची ओलसर हवा सतत उडवून नेतो. रोप झोताच्या रेषेपासून बाजूला आणि कूलरपासून ६ ते ८ फूट दूर हवं. कूलर चालू करून पानाकडे बघा: पान हललं तर जागा बदला. समोरची खिडकी किंवा दार चार बोटं उघडं ठेवा, नाहीतर खोली कोंदट होते आणि कूलर गारही करत नाही. टिनाच्या छपराखाली ही काळजी दुप्पट. तिथे रोप उंच फळीवर ठेवायचं नाही, जमिनीपासून दोन-अडीच फुटांच्या आत ठेवायचं, कारण टिनाची धग वरच्या हवेत साचते. पश्चिमेची भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत राहते, तिच्यापासून निदान दोन फूट लांब.

कूलरच्या टाकीतलं पाणी कुंड्यांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताट्यांवर जो पांढरा थर बसतो तोच कुंडीत बसेल.

उजेडही इथेच बघून घ्या. जुन्या मातीच्या घरांत माजघर गार असतं पण फार अंधारं, आणि तिथे रोप लांबुडकं, फिकट होतं. पूर्वेची किंवा उत्तरेची खिडकी सगळ्यांत चांगली. दुपारी बाराला रोपाच्या जागी पांढरा कागद धरून त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. सावली पुसट पण दिसत असेल तर उजेड पुरेसा आहे. कडा ठसठशीत दिसली तर पान भाजेल, सावली दिसलीच नाही तर जागा अंधारी आहे.

ओला कोपरा बांधायचा कसा

भारनियमनात कूलर बंद पडला की घंटाभरात हवा कोरडी व्हायला लागते. त्यासाठी खोलीतच एक ओला कोपरा करून ठेवा. आठ-दहा कुंड्यांपुरतं सामान असं: सगळ्या कुंड्या मावतील एवढा टिनाचा किंवा जाड प्लास्टिकचा ट्रे, काठ तीन इंच, त्यात दोन इंच पसरेल एवढी धुतलेली बारीक गिट्टी, एक धुतलेला बारदाना, त्याला टांगायला दोन बांबू किंवा जाड तुराट्यांची चौकट, आणि कुंभाराकडून भाजलेल्या पण रंग न दिलेल्या मातीच्या मोठ्या कुंड्या.

१. ट्रेमध्ये दोन इंच गिट्टी पसरा आणि दीड इंचापर्यंत पाणी भरा. कुंडीचं बूड पाण्याच्या वर राहिलं पाहिजे.

२. ट्रेच्या मागे, भिंतीपासून सहा इंच सोडून चौकट उभी करा. बारदाना असा टांगा की खालची कड ट्रेच्या पाण्यात बुडेल. पाणी पोत्यातून वर चढतं, पण वीतभरच; म्हणून वरचा भाग सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी तांब्याभर पाण्यानं भिजवा. नुसत्या खडी-पाण्याच्या ट्रेनं आर्द्रता नावापुरतीच वाढते. खरं काम बारदान्याचं आहे, कारण पाणी उडायला त्याच्याकडे कितीतरी जास्त पृष्ठभाग असतो.

३. प्रत्येक नाजूक रोपाची ६ इंची प्लास्टिक कुंडी १० इंची मातीच्या कुंडीत ठेवा. खाली इंचभर आणि भोवती दीड-दोन इंच जाडी वाळू भरा. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली करा, आतल्या कुंडीत ते पाणी जाऊ देऊ नका. माठाचं पाणी ज्या कारणानं गार होतं त्याच कारणानं मुळंही गार राहतात. बाहेरच्या कुंडीचं भोक बुजवू नका. मे महिन्यात काळ्या प्लास्टिकच्या कुंडीतली मुळं तापून मरतात हे वरून कळत नाही. पान मात्र भर ओलाव्यातही मलूल दिसतं.

४. कुंड्या जवळजवळ ठेवा, पण पानं एकमेकांना चिकटू नयेत. चार बोटांचं अंतर पुरे. सगळ्यांत नाजूक रोप मधोमध.

५. आठवड्यातून एकदा ट्रे रिकामा करून घासा, बारदाना धुऊन कडक उन्हात वाळवा. हे टाळायचं नाही. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास उडतो. गावात आरोग्य कर्मचारी जो कोरडा दिवस पाळायला सांगतात, त्याच दिवशी कूलरच्या टाकीसोबत हा ट्रेही कोरडा करा.

हवा खरंच किती ओली झाली हे डोळ्यांनी कळत नाही. दोनशे-चारशे रुपयांत मिळणारा छोटा डिजिटल आर्द्रतामापक घ्या आणि आधी तपासा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात काही थेंब पाणी घाला, दाट लगदा झाला पाहिजे. ते झाकण आणि मापक एका घट्ट बंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ६९ दिसले तर तुमचा मापक सहानं कमी दाखवतो, तेवढे मनात मिळवत जा. मापक रोपांच्या पानांच्या उंचीला टांगा, भिंतीच्या वरच्या खिळ्याला नको.

पानांवर फवारा मारण्याची सवय सोडा. त्यानं आर्द्रता काही मिनिटंच वाढते, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग मात्र मागे राहतात, आणि पावसाळ्यात त्याच ओल्या पानावर बुरशीचे ठिपके येतात.

पाणी: कोणतं आणि किती

बोअरचं पाणी हे या रोपांचं दुसरं दुखणं. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजलात क्षार भरपूर, आणि यवतमाळ-चंद्रपूरच्या काही भागांत फ्लोराइड. कॅलेथिया आणि मरांटाला दोन्ही सोसत नाहीत. पानाचं टोक जळतं आणि त्याच्या मागे पिवळी रेघ येते. पाणी उकळून उपयोग नाही. फ्लोराइड आणि मीठ जात नाहीत, पाणी आटून उलट दाट होतात. आरओ यंत्रातून बाहेर फेकलेलं पाणी तर सगळ्यांत वाईट.

सर्वांत उत्तम पाणी पावसाचं. हंगामाचा पहिला पाऊस छप्पर धुऊन जाऊ द्या, नंतरच्या पावसात पन्हाळीखाली २०० लिटरचा निळा ड्रम लावा, तोंडाला दुहेरी कापड बांधा आणि भरल्यावर झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. हिशेब सोपा आहे: ६ इंची कुंडीला एका वेळी सुमारे ३५० मिली पाणी लागतं. दहा कुंड्यांना साडेतीन लिटर, दर तीन दिवसांनी दिलं तर महिन्याला ३५ लिटर. मार्च ते जून चार महिन्यांना १४० लिटर. एका ड्रममध्ये उन्हाळा निघतो आणि वर थोडं उरतं. ड्रम नसेल तर गावच्या आरओ केंद्रावरचं २० लिटरचं कॅन नाजूक रोपांपुरतं राखून ठेवा. मनीप्लांट, सिंगोनियमला विहिरीचं चालतं.

वेळापत्रकानं पाणी देऊ नका. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मिश्रणात घाला. कॅलेथिया, मरांटा, फर्नचा वरचा इंचभर थर कोरडा लागला की द्या. अलोकेशिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉनची निम्मी कुंडी कोरडी होऊ द्या. द्याल तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत द्या, आणि बशीत साचलेलं ओतून टाका. घोट-घोट पाणी दिलं की वरचा थर ओला आणि खालची मुळं कोरडी राहतात. साधारण अंदाज असा: मे महिन्यात कूलरच्या खोलीत दोन-तीन दिवसांनी, पावसाळ्यात सहा-आठ दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते सरळ नळाखाली कुंडी धरून घालू नका. आदल्या रात्री बादलीत काढून ठेवा.

लग्नाला चार-पाच दिवस बाहेरगावी जायचं असेल तर नायलॉनच्या दोरीची वात एका टोकानं कुंडीच्या भोकातून तीन इंच आत सारा आणि दुसरं टोक खाली ठेवलेल्या पाण्याच्या डब्यात सोडा. निघायच्या दोन दिवस आधी लावून बघा. सुती वात ओली राहून थोड्याच आठवड्यांत कुजते.

कुंडीतलं मिश्रण

शेतातली काळी माती कितीही सुपीक असो, या कुंडीत चमचाभरही नको. ओली झाली की फुगते आणि हवा कोंडते, सुकली की आकसून भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. दहा लिटर मिश्रणासाठी पाच लिटर भिजवून धुतलेलं कोकोपीट, दोन लिटर धानाचं काळं जळकं तूस, दोन लिटर हरभऱ्याएवढे विटेचे तुकडे, एक लिटर गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घ्या. अलोकेशिया आणि अँथुरियमसाठी कोकोपीट तीन लिटर करा आणि नारळाच्या शेंडीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे दोन लिटर घाला. देवळातल्या नारळांच्या शेंड्या यासाठी उत्तम, फक्त दोन दिवस पाण्यात भिजवून तांबूस पाणी फेका.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात भिजवली की आठ-नऊ लिटर होते. त्यात मीठ असतं, म्हणून तीनदा पाणी बदलून पिळा. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमध्ये सहज मिळतं. ते जाळा आणि काळं असतानाच पाणी मारून विझवा. पांढरी राख झाली तर ती फार क्षारयुक्त होते. मिश्रण बरोबर झालं का याची परीक्षा: भरलेल्या ६ इंची कुंडीत अर्धा लिटर पाणी ओता. पंधरा सेकंदांच्या आत खालून निघू लागलं पाहिजे आणि वर तळं साचता कामा नये.

नर्सरीतलं रोप बहुधा चिकट लाल मातीच्या गोळ्यात येतं. तो गोळा तसाच नव्या मिश्रणात लावला तर बाहेरचं सुकतं आणि आतलं ओलं राहतं. पावसाळ्यात रोप आणून दहा दिवस झाले की गोळा अर्धा तास बादलीत बुडवा, हातानं हलकेच सोडवा, काळी मऊ मुळं कापा आणि नवी कुंडी मुळांपेक्षा दोनच इंच मोठी घ्या. उन्हाळ्यात मुळांना हात लावू नका.

खत जून ते ऑक्टोबर. कृषी केंद्रातलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) एका लिटर पाण्याला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मिश्रणावर. कपाशीचं डीएपी आणि युरिया घरच्या कुंडीत टाकू नका, चिमूटभरानंही मुळं जळतात. कच्चं शेणखतही नको. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) आणि कडाक्याच्या थंडीत खत पूर्ण बंद.

पाऊस लागल्यावर

जुलैमध्ये आर्द्रता आपसूक ८० टक्क्यांवर जाते, आणि सगळं उलटं करावं लागतं. बारदाना काढा, ट्रे कोरडा करा, बाहेरच्या मातीच्या कुंड्यांतली वाळू सुकू द्या, रोपं सपरीत हलवा. आता गरज हवा खेळण्याची: पंखा मंद ठेवा, कुंड्यांतलं अंतर दुप्पट करा. पानावर पाणी भिनल्यासारखे काळपट ठिपके आणि त्याभोवती पिवळं कडं दिसलं तर ते पान लगेच कापून लांब फेका आणि कात्री स्पिरिटनं पुसा. खालची पानं पिवळी, देठ मऊ आणि मातीला आंबूस वास आला तर मुळं सडली आहेत. कुंडीतून काढा, घट्ट पांढरी मुळं ठेवून बाकी छाटा, ताज्या मिश्रणात लहान कुंडीत लावा.

ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की धूळ घरात येते. पानाखाली हात धरून ओल्या मऊ कापडानं आठवड्याला पुसा. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली जातो, आणि या रोपांना १५ अंशांखाली त्रास होतो. संध्याकाळी खिडकीपासून आत घ्या, चुलीच्या धुरापासून दूर. अलोकेशियाची सगळी पानं झडली तरी कुंडी फेकू नका. गड्डा टणक असेल तर तो झोपला आहे. पंधरा दिवसांतून अर्धी वाटी पाणी द्या, गरमी वाढली की कोंब येतो.

लाल कोळी आणि शेतातलं औषध

फेब्रुवारी-मार्चपासून पानाखाली बारीक जाळी आणि वरून फिकट ठिपके दिसले तर तो लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. कोरड्या उष्ण हवेत त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते, म्हणून एकदा धुऊन भागत नाही. पानाची खालची बाजू पाण्याच्या धारेनं दर चार दिवसांनी, निदान चार वेळा धुवा. त्यानंतर एक लिटर कोमट पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि दोन मिली पातळ साबण घुसळून संध्याकाळी फवारा. आधी एकाच पानावर करून दोन दिवस थांबा, कॅलेथियाचं पान हळवं असतं. ३२ अंशांच्या वर तेल फवारू नका, पान भाजतं. पिठ्या ढेकूण असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक टिपून काढा.

आता फार महत्त्वाचं. शेतकऱ्याच्या घरात कपाशीच्या औषधाची उरलेली बाटली असतेच, आणि घोटभर कुंडीवर मारण्याचा मोह होतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात उघड्या शेतात फवारणी करतानाही विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. बंद खोलीत, जिथे लेकरं झोपतात, तिथे ते औषध उघडायचंही नाही. तणनाशक मारलेला पंपही या रोपांसाठी वापरू नका. कितीही धुतला तरी नळीत राहिलेल्या अंशानं मनीप्लांटची पानं वेडीवाकडी होतात.

मनीप्लांट, डिफेनबेकिया, अलोकेशिया, मॉन्स्टेरा, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम, अग्लोनेमा, पीस लिली या सगळ्यांच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे खडे असतात. चावलं तर तोंड आणि घसा सुजतो. रांगतं मूल आणि मोकळी शेळी असलेल्या घरात ही रोपं टांगून ठेवा, आणि छाटलेल्या वेली घरामागच्या सांदवाडीत जनावरांपुढे टाकू नका. कॅलेथिया, मरांटा आणि बॉस्टन फर्न यांच्यात ते विष नाही, खालच्या ट्रेमध्ये तीच ठेवा.